काळ्या पट्टीखालचं नाव

“सरकते मेली! एका जागी राहायला काय होतं हिला?”

दुपारी तात्या भिंतीवरच्या स्क्रीनशी पुटपुटत होते. खुर्चीमागे खोडरबर शोधणाऱ्या मिथिलाने ते ऐकलं. तात्या म्हणजे तिचे आजोबा, भूकंपांचे शास्त्रज्ञ. जमिनीच्या पोटातलं त्यांना कळायचं. घरातली यंत्रं मात्र त्यांना जुमानत नसत.

मिथिलाची आई चंद्रावरच्या तळावर काम करायची. तिथल्या डॉक्टरांचा अहवाल दर शनिवारी यायचा आणि चहाच्या वेळी घरातल्या सर्वांत लहान माणसाने तो मोठ्याने वाचायचा, हा आईनेच घालून दिलेला नियम.

आज अहवालात तीन ओळींवर काळी पट्टी होती.

“येताना बिघडलं असेल काहीतरी,” बाबा म्हणाले. चहाकडे बघून म्हणाले.

तात्यांचं बिस्किट कपात बुडून विरघळलं, तरी त्यांना पत्ता नाही. एरवी तात्या बिस्किट बुडू देत नसत.

“वाच्या, असं का दिसतंय?” तिने विचारलं.

वाच्या म्हणजे घरातला कागद दाखवणारा प्रोग्रॅम. तात्यांसाठी अक्षरं मोठी करायची, बाबांच्या फॉर्मवर सही उमटवायची, दोनशे पानांतून एक शब्द हुडकायचा, ही त्याची रोजची कामं. नव्या आवृत्तीपासून तो बोलायलाही लागला होता. जरा जास्तच.

“ताई, असा कागद म्हणजे थर असतात (एकावर एक ठेवलेल्या काचा समज). खालच्या काचेवर मजकूर. वरच्या काचेवर टिपणं (वाचणाऱ्याने नंतर केलेल्या खुणा). ही पट्टी टिपण आहे. आज तीन चाळीसला, याच घरातून लावलेली.”

बाबांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी खिडकीकडे.

“म्हणजे खालचं पुसलं नाही?” मिथिलाने विचारलं.

“छे! खिडकीला पडदा लावला म्हणून बाहेरचं झाड जातं का? खरंच घालवायचं तर खालचा मजकूर खोडून कागद नव्याने साठवावा लागतो.”

मिथिलाने शोधायच्या चौकटीत स्वतःचं नाव लिहिलं. दर अहवालाच्या शेवटी ‘मिथिलाला पापा’ असायचंच. म्हणजे एकदा सापडायला हवं.

“दोन ठिकाणी सापडलं,” वाच्या म्हणाला. “एक शेवटी. एक पट्टीखाली.”

मिथिला स्क्रीनच्या जवळ सरकली.

“मोठ्याने वाचू का? मी डोळ्यांनी वाचत नाही ना, थेट खालच्या काचेवरून उचलतो. मला पट्टी आडवी येत नाही.”

मिथिलाने बोट ‘वाच’ या बटणापर्यंत नेलं. मग तिने ते मागे घेतलं.

“याच्याकडून नको. तात्या, तुम्ही वाचा.”

तात्या उठले. पट्टीवर बोट ठेवून त्यांनी ती काढली. लावायला अर्धा तास लागला होता, निघाली क्षणात.

“हृदयाची झडप बिघडली आहे,” त्यांनी वाचलं. “मंगळवारी इथे तळावरच शस्त्रक्रिया. दहांपैकी आठ जण बरे होतात. मिथिलाला हे घरच्यांनी सांगावं, अशी तिची इच्छा आहे.”

“आणि उरलेले दोन?”

“अगं, आठ म्हणजे पुष्कळ झाले,” बाबा घाईने म्हणाले. “तिथली यंत्रं किती नवी आहेत, तुला...”

“बाबा, उरलेले दोन?”

बाबांनी कप बशीवर ठेवला. तात्या गुडघ्यांवर हात टेकत तिच्यासमोर खाली बसले.

“ते दोन वाचत नाहीत, बाळा. आई आठांतली असावी असं मला फार वाटतं. पण ती जाऊही शकते, आणि त्याचीच मला भीती वाटते. मंगळवारी आपण तिघं इथेच बसू. जो कागद येईल तो उघडायचा. पट्टी न लावता.”