भिंतीला दिलेलं उत्तर

हे प्रफुलने मला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा वेळ तीच, आकडे तेच. म्हणून लिहितेय.

प्रफुल माझा मावसभाऊ, कोळसा खाणींच्या माजरी गावचा. भूगर्भशास्त्र शिकला आणि एका मोठ्या शहरात, भर बाजाराखाली भुयारी स्टेशन खणत होते, तिथे लागला.

अठरा मार्च. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. जमिनीखाली बावीस मीटर.

जेवणाची सुट्टी. यंत्रं बंद. खाली फक्त तो आणि एटापल्लीचा मजूर चैतू.

प्रफुल सळईने खडक ठोकून बघत होता. भरीव की पोकळ, आवाजावरून कळतं. त्याचे वडील कोळसा खाणीत हेच करायचे.

"प्रफुलभाऊ, भिंतीले ताप आला का?" चैतू हसला.

आणि...

ठक. ठक. ठक.

आतून.

प्रफुलच्या हाताने आपोआप तीनदा परत ठोकलं.

"काऊन वाजवलं?" चैतूचं हसू गेलं होतं.

"सवय..."

वडिलांनीच शिकवलेली. खाणीत अडकलेला माणूस असाच ठोकतो. परत ठोकलं तर अर्थ एकच... ऐकलं, येतो. मग त्याला सोडून जायचं नसतं.

त्याने हजेरी तपासली. एकूण एक माणूस जागेवर.

कंपनमापक पाहिला. सरळ रेघ.

"पाइप असेल," साहेब म्हणाले. नकाशात पाइप नव्हता. मागे नुसता काळा कातळ.

साहेब उभे असेपर्यंत भिंत गप्प होती.

संध्याकाळी तिच्यावर काँक्रीट चढणार होतं. एक दिवस थांबा, म्हणून प्रफुलने हात जोडले.

कुणी थांबलं नाही.

काँक्रीट चढेपर्यंत ठोकणं चालू होतं...

चौथ्या दिवशी तो रजा टाकून माजरीला आला. घरी एक अक्षर सांगितलं नव्हतं.

त्याची आई, म्हणजे माझी मावशी बायनाबाई, पोळ्या लाटत होती.

"काल दुपारपासून खालून कोण ठोकून राह्यलं रे? तीनदा ठोकते, थांबते, मंग तीनदा."

प्रफुलने तिच्या हातातलं लाटणं धरलं.

"आई, तू काही केलं तर नाई ना?"

खाणकामगाराची बायको ती. तिने त्याच्याकडे चिडून पाहिलं.

"खाली माणूस असन तं? वाजवलं ना मी मुसळानं."

आता त्या स्वयंपाकघरात कमरेएवढा खड्डा आहे. मायलेक आळीपाळीने खणतात. आवाज मात्र अजून तेवढाच खाली आहे म्हणे.

मी गेले, तासभर बसले. मला काहीच ऐकू आलं नाही.

निघताना माती झटकायला मी चप्पल उंबऱ्यावर आपटली.

किती वेळा... ते काही केल्या आठवत नाही.