बाच्वित्सेवरची पाचवी जागा

तो माझ्या टेबलापाशी आला आणि उभ्यानेच कॉफी प्यायला लागला.

क्रोएशियातल्या आमच्या स्प्लितमध्ये कुणी उभ्याने कॉफी पीत नाही. आम्ही बसतो. एक छोटा कप, एक पाण्याचा ग्लास आणि निदान दोन तास. जगात काहीही उलथापालथ होवो, आमच्या कॉफीला धक्का लागत नाही. म्हणून मी मान वर करून पाहिलं. उंच, उन्हाने लाल झालेलं नाक, खिशाला पेन... आणि डोळे — असो, डोळ्यांचं नंतर.

"कुणी मागे लागलंय का तुमच्या?"

"संपादक," तो म्हणाला. "त्यांना यादी हवीय: सुट्टीत स्प्लितला आलात तर करायच्या दहा आवडत्या गोष्टी. दोन दिवसांत करायच्या आणि लिहायच्या. कॉफी तिसरी आहे. तिला चार मिनिटं ठेवलीत."

"राजधानीचे ना? झाग्रेबचे?"

"कसं ओळखलंत?"

"चार मिनिटांवरून."

तो हसला. एकाच गालाने, जरा लाजून. मग खुर्ची ओढून बसला.

त्याचं नाव वेद्रान. मी तोन्का. जुन्या राजवाड्यात पर्यटकांच्या माहिती केंद्रात मी खिडकीमागे बसते. दिवसभर लोक विचारतात, इथे करण्यासारखं काय आहे? मी हसून नकाशा देते. खरं उत्तर कुणालाच देत नाही. ते माझं आहे.

दोन तासांनी त्याने घड्याळ पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "राजवाड्यातलं घंटाघर राहिलं तुमच्यामुळे."

"राहू दे. सतराशे वर्षं उभा आहे तो राजवाडा. उद्याही असेल."

"बरं, मग तुमची आवडती गोष्ट सांगा. नकाशावरची नको."

मी सांगायला नको होतं. पण ते डोळे... समुद्र सकाळी असतो तसे, हिरवट आणि शांत. माझ्या तोंडून निघून गेलं — "सहा वाजता बाच्वित्सेच्या किनाऱ्यावर या. पोहायचे कपडे आणा."

बरोबर सहाला आला. गुडघ्याच्या खालपर्यंत पाणी, मऊ वाळू, गोल करून उभी माणसं आणि वरचं लोकरी कातडं सोललेला टेनिसचा चेंडू. तळहाताने उडवायचा, पाण्यात पडू द्यायचा नाही, बस्स. याला आम्ही पित्सिगिन म्हणतो. ही आमच्याच वाळूवर जन्मलेली चीज आहे, आणि असा किनारा दुसरीकडे कुठे नाही, हे मी उगाच सांगत नाही.

आमचा संघ पाच जणांचा. दातांचा डॉक्टर श्पिरो, त्याचे दोघे मेहुणे, मी आणि माझे बाबा. पण एप्रिलमध्ये बाबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून ते किनाऱ्याच्या भिंतीवर बसून आमच्या चुका काढतात. पाचव्या जागी उन्हाळाभर पोहायला आलेलं कुणी ना कुणी उभं राहायचं. त्या संध्याकाळी वेद्रान उभा राहिला.

चेंडू आला तसा त्याने सारी ताकद लावून श्पिरोच्या छातीवर हाणला.

सगळे थांबले. शेजारचे संघसुद्धा थांबले. भिंतीवरून बाबांचा आवाज आला.

"कुणाला हरवतोयस रे पोरा?"

"म्हणजे... गुण कसे मोजता?"

"मोजत नाही. इथे समोरच्याला पोहोचेल असा द्यायचा. पण आयता हातात नाही. त्याला झेप घ्यावीशी वाटेल इतका लांब द्यायचा."

बिचारा कानापर्यंत लाल झाला. मग मी चेंडू त्याच्याकडे दिला. जरासा लांब. त्याने आडवी उडी घेतली आणि तोंडावर आपटला. खोकत, केसांतून पाणी गाळत उठला.

"मुद्दाम लांब दिलात?"

"थोडासाच."

"पुन्हा द्या," तो म्हणाला.

दोन दिवसांचे सहा दिवस झाले. कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं ते कळलंच नाही. सकाळी बाजारात अंजिरं घ्यायची, ती दाबून पाहिली की बायकांच्या शिव्या खायच्या, दुपारी झाडाखाली आडवं पडून काहीही करायचं नाही... आणि संध्याकाळी समुद्र. काहीही न करायला तो चक्क शिकला. झाग्रेबच्या माणसासाठी हे कमी नाही.

तो निघाला तेव्हा बसथांब्यावर मी त्याला म्हटलं, "पित्सिगिन यादीत घालू नकोस. हजारो लोक फोन उगारून येतील."

"नाही घालणार." त्याने माझ्या कानामागची वाळू बोटाने झटकली. बोट क्षणभर तिथेच राहिलं. "तोन्का... मी परत येऊ?"

एक 'हो' म्हणायचं होतं. तेवढंच. पण माझा ताठा आड आला. खिडकीमागे बसून मी दर उन्हाळ्यात परत येतो म्हणणारे किती पाहिले होते.

"उन्हाळ्यात सगळेच येतात," मी म्हटलं.

त्याचं बोट मागे गेलं. बसही गेली.

सप्टेंबरात ती यादी छापून आली. बाबांनी चष्मा लावून मोठ्याने वाचली. पहिली गोष्ट कॉफी: 'दोन तास लागतात. तेवढा वेळ नसेल तर येऊ नका.' बाबा खूश झाले. अशा नऊ गोष्टी. मग शेवटची: 'दहावी गोष्ट सगळ्यांत सुंदर आहे. पण ती माझी नाही, म्हणून सांगता येत नाही.'

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "फोन कर त्याला."

"मी का करू? त्याने करावा."

"शोभतेस माझी मुलगी," ते म्हणाले, पण आवाजात कौतुक नव्हतं.

त्याने फोन केला नाही. मीही केला नाही. रोज निरोप लिहायचे, खोडायचे. रोज कॉफीला समोरची खुर्ची रिकामी ठेवायचे आणि कुणी मागितली तर नाही म्हणायचे.

डिसेंबर आला. एक जानेवारीला भर दुपारी बारा वाजता, पाणी कितीही थंड असो, आमच्या गावचे संघ समुद्रात उतरतात. बाबांचा संघ सलग एकतीस वर्षं उतरलाय, आणि पाचच्या पाच. दुसऱ्या संघातून माणूस उसना घ्यायचा? बाबांनी त्यापेक्षा गाव सोडलं असतं.

"त्या झाग्रेबच्याला बोलाव की," श्पिरो म्हणाला.

"मी कुणाला बोलवत नाही."

"मग मी उतरतो," बाबा म्हणाले.

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"तो डॉक्टरही झाग्रेबचाच आहे. त्याला काय कळतंय समुद्रातलं."

ते चेष्टा करत नव्हते. एकतीस तारखेला सकाळी मी स्वयंपाकघरात गेले, तर बाबा खुर्ची धरून गुडघा वाकवून बघत होते. ओठ दाबलेले, कपाळावर घाम. मला पाहून उगाच पाय झटकत ताठ उभे राहिले. मी बाल्कनीत गेले आणि फोन लावला.

"वेद्रान? उद्या बाराला एक जागा रिकामी आहे. बाबा दुखऱ्या गुडघ्याने उतरायला निघालेत. तू आलास तर —"



"म्हणजे बाबांच्या गुडघ्यासाठी बोलावतेयस."

"हो."

"मग दुसरं कुणी बघ, तोन्का." आवाज हळू होता, पण दुखावलेला. "गुडघ्यासाठी मी नाही येणार. चार महिने वाट बघतोय मी. मलाही मान आहे की नाही?"

खाली समुद्र करडा पडला होता. मी कठडा घट्ट धरला. सबंध आयुष्यात मी कुणाला काही मागितलं नव्हतं, आणि त्याचा मला केवढा अभिमान होता... त्या अभिमानाने चार महिने मला रिकाम्या खुर्चीसमोर बसवलं होतं.

"माझ्यासाठी ये," मी म्हटलं. "बाबांचं राहू दे. मला तू हवा आहेस. प्रेम आहे माझं तुझ्यावर. झालं समाधान?"

"पुन्हा सांग."

"मस्ती नको करूस."

"बस किती वाजता आहे ते बघतो," तो म्हणाला, आणि त्याचं ते एका गालाचं हसू मला फोनमधून दिसलं.

एक तारखेला किनारा माणसांनी फुलला होता. पावणेबारा झाले. बाबांनी बूट काढले, मग मोजेही. आणि पायऱ्यांवरून तो आला, चालता चालता स्वेटर डोक्यातून काढत. दोन्ही गुडघे खरचटलेले.

"हे काय?" मी विचारलं.

"तळ्यावर सराव करत होतो. आमच्या तळ्यात वाळू नाही, दगड आहेत."

"कधीपासून?"

"सप्टेंबरपासून."

मी त्याचा हात धरला आणि त्याला सगळ्यांदेखत पाण्यात नेलं. पाणी सुऱ्यासारखं लागलं. पाच जणांचा गोल झाला. चेंडू वर गेला, श्पिरोकडे, मेहुण्यांकडे, मग वेद्रानकडे. त्याने तो माझ्याकडे दिला. अगदी हवा तेवढा लांब. मी झेप घेतली, बोटांची टोकं लागली, आणि चेंडू परत हवेत गेला.

वर येऊन डोळ्यांतलं पाणी पुसलं तेव्हा भिंतीवर कुणीतरी बाबांना विचारत होतं, "तो पाचवा कुठला हो?"

बाबा मोजे परत चढवत होते. त्यांनी वर न बघताच सांगितलं, "आमचा."