नापासांचा वाफा

कऱ्हाकाठच्या वाटाणा संशोधन केंद्रात दर शुक्रवारी उसळ असे. तिला सगळे नापासांची उसळ म्हणत. आठवडाभरात यंत्राने नाकारलेले दाणे गुरुवारी भिजत घालायचे आणि शुक्रवारी दुपारी संचालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांनी एका पंगतीत बसून खायचे, हा वीस-बावीस वर्षांचा रिवाज होता. ज्यांना शेतात जागा नाही त्यांना ताटात तरी असू दे, असा विनोद पूर्वी कोणीतरी केला होता. २०६१ साली त्यावर कोणी हसतही नव्हतं.

यंत्राचं काम सोपं होतं. ते प्रत्येक दाण्याचा सुईच्या टोकाएवढा कपचा काढायचं, आतल्या कोंबाला धक्का न लावता. त्या कपच्यातली आनुवंशिक अक्षरं वाचून ते सांगायचं की हा दाणा पेरला तर शेंगा किती लागतील, पानांवर भुरी चढेल का, मर रोगात मुळं तग धरतील का. या सगळ्याचे मिळून शंभरांपैकी मार्क. याला पूर्ववाचन म्हणत, म्हणजे आयुष्य जगण्याआधीच त्याचा निकाल. साठ आणि त्यावरचा दाणा पेरायचा, खालचा उसळीत.

पूर्वी मटाराचं नवं वाण काढायला दहा-बारा वर्षं जात. संकर करा, पेरा, वाट बघा, पुन्हा पेरा. पूर्ववाचनामुळे हे काम तीन वर्षांत होऊ लागलं आणि पुरंदरच्या शेतांत मटार दुपटीने पिकला. ही पद्धत बसवली केंद्रातल्याच डॉ. श्रीरंग पोफळे यांनी. पुढे इस्पितळांनी ती उचलली. प्रयोगशाळेत जुळवलेले गर्भ आईच्या पोटात ठेवण्याआधी वाचले जाऊ लागले, आणि पासाची रेषाही तीच राहिली, साठ. पोफळ्यांनी साठ का धरले होते? साठाच्या वरचे दाणे पेरले की केंद्राचं शेत भरत होतं म्हणून. इस्पितळांनी ते विचारलं नाही आणि पोफळ्यांनीही सांगितलं नाही.

दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी रेश्माबाई झेंडे पोफळ्यांच्या शेजारी ताट घेऊन बसल्या. रेश्माबाई भेसळ काढणाऱ्या बायकांच्या मुकादम. बियाण्याच्या शेतात जे रोप खुरटं, रोगट किंवा वेगळं दिसेल ते फुलावर येण्याआधी मुळासकट उपटायचं, याला भेसळ काढणं म्हणतात. चाळीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. यंत्राने पास केलेल्या दाण्यांतही एखादं रोप बिघडतंच, त्यामुळे त्यांचं काम संपलं नव्हतं.

"साहेब, एक कागद लिहून पायजे," त्या म्हणाल्या. "आमच्या लेकीचा, अनुजाचा, सात वर्षं इलाज चाललाय. एकच गर्भ ऱ्हायलाय. त्याला एकतीस मार्क पडलेत."

पोफळे घास हातात धरून थांबले. "मग ते ठेवणार नाहीत, मावशी."

"न्हाई म्हनतात. फेब्रुवारीअखेर टाकून देनार. पर ज्यानं ही पद्धत काढली त्यानं लिहून दिलं, की एकतीसवाल्याचंबी बरं होऊ शकतं, तर दवाखान्याची समिती ऐकंल. तुमी लिवा."

"पुराव्याशिवाय कसं लिहू? पूर्ववाचन आजवर खोटं ठरलेलं नाही. बावीस वर्षांत एकदाही नाही."

"नापास दाना पेरलाय कवा तुमी?"

"त्याआधीची सहा वर्षं सगळेच पेरले होते. त्यावरूनच यंत्र शिकलं."

"आनि मग?"

पोफळ्यांनी ताटाकडे पाहिलं.

"मग आपुन खाल्ले," रेश्माबाई म्हणाल्या. "खाल्लेला दाना खोटं कसं ठरवनार, साहेब?"

पोफळ्यांना त्या दुपारी स्वतःची लाज वाटली. पहिल्या वर्गातल्या पोराला सुचावा असा प्रश्न बावीस वर्षांत त्यांना सुचला नव्हता. पाणी बदललं होतं, हवा बदलली होती, भुरीची बुरशीही पहिली राहिली नव्हती, आणि यंत्र मात्र जुन्या सहा वर्षांच्या शिदोरीवर निकाल देत होतं.

सोमवारी त्यांनी विहिरीजवळच्या वाफ्यात शंभर दाणे टोकले. सगळे पंचवीस ते पस्तीस मार्कांचे. मटार नव्वद दिवसांत हाती येतो, म्हणजे मुदतीच्या आत निकाल लागणार होता. कडेला त्यांनी पाटी लावली: हात लावू नये. रोज सकाळी कामाआधी रेश्माबाई वाफ्याला एक फेरी घालत. शंभरच्या शंभर उगवले तेव्हा त्यांनी पोफळ्यांना पेढा आणून दिला.

पस्तिसाव्या दिवशी पोफळे वाफ्यावर गेले तर रेश्माबाई बांधावर बसल्या होत्या. पुढ्यात उपटलेल्या रोपांचा ढीग होता. वाफ्यात मधे मधे मोकळी जागा दिसत होती.

"कोणी उपटली?"

"मी."

पोफळे ढिगाशी उकिडवे बसले.

"डोक्यात अनुजाच व्हती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आज तिला दवाखान्यात बोलावलंय. इचार करत करत सरीतनं चालले. शेवटाला पोचले तर हातात ही जुडी. पाटी मीच रोज पुसायची, साहेब. तरी हात गेला."

पोफळ्यांनी ढीग मोजला. एकाहत्तर. वाफ्यात एकोणतीस उभी होती. उपटलेल्यांतली काही खुरटी होती, काहींची पानं जरा फिकट होती, काहींनी उशिरा जोर धरला असता. आता ते कळायला मार्ग नव्हता. मुळं उन्हात सुकून गेली होती. रेश्माबाईंनी त्यातलं एक रोप परत मातीत रोवलं, ते आडवं पडलं, आणि मग त्या रडल्या.

उरलेल्या एकोणतीस रोपांवर भुरी चढली नाही. त्यांतल्या अकरांना पास दाण्यांच्या रोपांइतक्याच शेंगा लागल्या. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पोफळ्यांनी कागद लिहिला आणि रेश्माबाईंना वाचून दाखवला.

"नापास ठरलेले शंभर दाणे पेरले. एकोणतीस रोपं रोगाविना टिकली, अकरा उत्तम निघाली. उरलेल्या एकाहत्तरांचं काय झालं असतं ते मला माहीत नाही, कारण ती आम्ही उपटली. साठ ही रेषा मी शेतातल्या जागेवरून आखली होती. माणसाशी तिचा काही संबंध नाही."

"हे शेवटचं खरं हाय?"

"खरं आहे."

रेश्माबाई रागावल्या नाहीत. कागदाची घडी करून त्यांनी कमरेला खोचली.

मुदतीच्या चार दिवस आधी समितीने परवानगी दिली. गर्भ रुजला. आषाढात अनुजाला पाचवा महिना लागला, तेव्हा पोफळे पेढे घेऊन झेंड्यांच्या घरी गेले. अनुजा आतल्या खोलीत निजली होती. रेश्माबाई अंगणात हात धूत होत्या, कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा.

"आता तर आनंदात असायला हवं, मावशी."

"हाय की आनंद. देवाला नारळबी फोडला." त्यांनी पदराला हात पुसले. "पर साहेब, बाळ झालं की समदी म्हनतील, आधी आजीच्या हातात द्या. मी अनुजाला सांगून ठेवलंय, माझ्याकडं देऊ नगंस."

"का?"

"एकतीस मार्काचं लेकरू. बारकं असंल, फिकट असंल." त्या आपल्या हातांकडे बघत होत्या. "थोडं दिवस जाऊ द्या. ह्या हातांची सवय मोडू द्या."

पोफळ्यांनी पेढ्यांचा पुडा ओट्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. केंद्रात नेहमीप्रमाणे पंगत बसली, आणि पोफळे तिच्यात बसले नाहीत.