उजवा, पण कुणाचा?

ढब्बू हा शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणारा रोबो. छातीवरच्या पडद्यावर ‘थांबा’ आणि ‘चला’. त्याचं लेखी वाङ्मय एवढंच. सकाळी सातला तो कामावर येई आणि अकराला बॅटरी संपून भर रस्त्यात डुलकी घेई. शाळा सुटायची अडीचला. म्हणून आज चार वाजता शाळेची समिती त्याला भंगारात काढायला येणार होती, आणि असल्या कामाला समिती वेळेवर येते.

साडेतीन झाले. सहावीतली सावनी कुमुदआत्याच्या प्रयोगशाळेत येरझारा घालत होती. ढब्बूला आत्याने बनवलेला नवा पडदा बसवला होता. काळाकुट्ट.

“आत्या, हा पेटतच नाहीये गं!”

“पेटलाय. प्रकाश अडकलाय. नाचू नकोस, ऐक. उन्हात पडद्याचा आरसा होतो, म्हणून वर गाळणी बसवतात. ती एकाच बाजूला पीळ असलेला प्रकाश (वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश) बाहेर सोडते. पडद्यातल्या साध्या रेणूंचा प्रकाश अर्धा उजव्या पिळाचा, अर्धा डाव्या. म्हणजे अर्धी बॅटरी गाळणीच्या घशात.”

“मग?”

“मग मी द्रवस्फटिकी रेणू (द्रवासारखे वाहणारे, तरी शिस्त न सोडणारे) घडवले. प्रत्येक थर खालच्यापेक्षा जरासा वळलेला, गोल जिन्यासारखा. त्यांचा प्रकाश पीळ घेऊनच निघतो. उजवी गाळणी, उजवा प्रकाश. अडायचं कारणच नाही!”

“मुलांनो, उजवीकडे व्हा,” ढब्बू सवयीने म्हणाला. सावनी सवयीने डावीकडे सरकली, आणि थबकली.

“आत्या, हा आपल्याकडे तोंड करून बोलतो. त्याचा उजवा तो आपला डावा. तुझा उजवा कुणाचा?”

“प्रकाश पाठवणाऱ्याचा.”

“आणि गाळणीवाल्यांचा?”

आत्याने गाळणीचं माहितीपत्रक उघडलं. एका ओळीवर बोट ठेवलं.

“बघणाऱ्याचा. म्हणजे माझा डावा! बावीस वर्षं शिकवतेय मी हे!”

“आता गं?”

आत्याने कपाटातून ‘टाकाऊ’ लिहिलेली बाटली काढली. “हे त्याच रेणूंचं आरशातलं रूप. पीळ उलटा. दोन्ही एकत्रच तयार होतात, मी हे बाजूला काढलं होतं.”

छपाईयंत्राने जुन्याच्या जागी त्याचा नवा थर चढवला. चारला दोन मिनिटं होती. सावनीने बटण दाबलं. पूर्वीइतकाच लख्ख उजेड, वीज जेमतेम निम्मी. म्हणजे बॅटरी तीनपर्यंत!

दार उघडून समितीचे सात जण आत घुसले.

‘थांबा’, ढब्बूची छाती म्हणाली.

सातही जण थांबले.

सावनीने तेवढ्यात त्याच्या बोलण्यात एक शब्द वाढवला. उद्या सकाळी सातला तो म्हणणार होता, “मुलांनो, तुमच्या उजवीकडे व्हा.”