अकरा मिनिटांचा कोमुझ

"एजे, आज संध्याकाळपर्यंत खरं बाहेर आलं नाही, तर माझी नोकरी गेली," जिपारा म्हणाली. समोरच्या चहाला तिने हातही लावला नव्हता.

सलतनत एजेंनी काराकोल गावच्या शाळेत चाळीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं होतं. आता त्या लोकांची कोडी सोडवत. सगळे त्यांना एजे, म्हणजे ताई, म्हणत. तेमिरबेक त्यांची गाडी चालवी आणि स्वतःला साहाय्यक समजे.

प्रकरण असं होतं. लोकगीतांच्या या संग्रहालयात जिपाराने एका वृद्ध गायिकेची बावन्न मिनिटांची टेप संगणकात उतरवली होती. आज सकाळी पाहतात तर त्याच नावाच्या फाइलमध्ये अकराच मिनिटं! टेप उद्या गायिकेच्या घरी परत जायची होती, आणि संचालक कुबात ती जिपाराच्या हाती पुन्हा द्यायला तयार नव्हते.

"फाइल काल सकाळी नऊ वीसला बदलली. मी स्वतः पडद्यावर वाचलं," कुबात ठासून म्हणाले. त्यांच्या उजव्या तर्जनीला पट्टी होती; तिच्या कडेला नखाशेजारचं कातडं सोलवटलेलं दिसत होतं. "त्या वेळी इथं एकटी जिपारा असते. मी अकराला येतो."

"आणि दुपारी?" एजेंनी विचारलं.

"दुपारी मी एकटाच होतो. ही गायिकेच्या गावी गेली होती."

"बोटाला काय झालं, अगाय?" 'सर' म्हणावं तशा अदबीने एजेंनी पुढे विचारलं.

"ब्लेड लागलं." त्यांनी हात खिशात घातला. "लेकीचं लग्न आहे, शंभर कामं."

चहावाली मायराम कपबशा गोळा करत होती. "मी काल आलेच नाही. बर्फाने इंटरनेटची तार तुटल्यापासून इथं कुणाला काम आहे? तीन दिवस नुसता चहा ढोसतायत."

"त्या अकरा मिनिटांत आहे तरी काय?" एजेंनी विचारलं.

"ऐकवलं नाही मला, आणि हिलाही मी संगणकाला हात लावू दिला नाही. ऐकायचंय कशाला? गाणं गेलं ते गेलं," कुबात म्हणाले.

एजे संगणकापाशी बसल्या. "यात दोन प्रणाली आहेत ना?"

"हो. दोघींचा गाभा, म्हणजे कर्नेल, वेगळा," जिपारा म्हणाली. "आवाज आत घेणारं जुनं कार्ड फक्त जुन्या कर्नेलला ओळखता येतं. बाकी कामं मी नव्यातच करते. कालही सकाळभर नव्यातच होते."

तिने संगणक पुन्हा सुरू केला. काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या. तिने खालची, जुनी निवडली.

तेमिरबेकने पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ पाहून सुस्कारा सोडला. "इथं दहाच वाजलेत. माझं पोट तर चारचा ठोका देतंय."

"तुझं पोट बरोबर आहे," एजे म्हणाल्या, आणि कानांना हेडफोन लावून हसू लागल्या.

मग त्यांनी सगळ्यांना बसवलं.

"नवी प्रणाली यंत्रातल्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवते आणि दाखवताना सहा तास मिळवते. जुनीला वाटतं, घड्याळात आहे तीच गावची वेळ. एरवी इंटरनेट ती चूक क्षणात सुधारतं. पण तार तीन दिवस तुटलेली. आणि आवाज फक्त जुन्या प्रणालीतच उतरतो. म्हणजे नऊ वीस नव्हे. काल दुपारी तीन वीस."

कुबातांनी पडद्याकडे पाहिलं. "तीन वीसला तर मीच..."

"तुम्हीच. ते ध्वनिमुद्रण करणारं सॉफ्टवेअर, नाव बदललं नाही, तर आधीच्याच फाइलवर लिहितं. तुम्हाला ते माहीत नव्हतं. आणि ब्लेडने नखाशेजारचं कातडं असं सोलवटत नाही, अगाय. तारा छेडून सोलवटतं."

एजेंनी हेडफोनची वायर काढली. खोलीभर तीन तारांचा कोमुझ घुमला, अडखळत, सूर चुकवत, पुन्हा पहिल्यापासून.

"कुणी मेंढी मारतंय का?" मायराम आतून ओरडली.

कुबातांचा चेहरा लालबुंद झाला. "लेकीच्या लग्नात बापाला वाजवावं लागतं. आपलं कसं वाजतं ते ऐकून बघायचं होतं. नंतर ऐकायचा धीरच झाला नाही." ते उठले आणि टेप दोन्ही हातांनी जिपारापुढे धरली. "पोरी, चुकलो मी."

जिपाराने टेप घेतली, कपाट उघडलं आणि कोमुझ काढून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"टेप उतरायला बावन्न मिनिटं लागतील, अगाय. तोवर शेजारच्या खोलीत बसा. दार लावून. मी आलेच शिकवायला."