हत्ताच्या वाटेवरचं ओमान

बसमध्ये परत चढायचं नाही असं मी ठरवलं, तेव्हा बाकीचे सगळे चढून बसलेले होते. मी एकटीच पेट्रोल पंपाच्या कडेला, हातातल्या कागदी कपात चहा गार होत चाललेला. जानेवारीतला शुक्रवार, आभाळ भरून आलेलं, चारी बाजूंना लाल वाळू... आणि माझे पाय जागचे हलायला तयार नाहीत.

बसच्या दारातून गाईड खाली उतरला. सकाळी शारजातल्या रोल्लाहून निघाल्यापासून मी त्याचा फक्त माइकवरचा आवाज ऐकला होता. मंडळाच्या संक्रांतीच्या सहलीला चक्क मराठी गाईड मिळाला म्हणून सगळे खूश होते. नाव रणजित, गाव देवरुख. जवळून पाहिला तर उंच, सावळा, आणि भुवया कायम थोड्या वर चढलेल्या. समोरचा आता काहीतरी गंमत सांगणार, अशी त्याला सदा आशा असावी.

"मॅडम, चहा बसमध्ये प्या ना. यल्ला, चला, सगळे थांबलेत."

"मी येत नाही."

"उलटीसारखं होतंय का? पुढची सीट देतो."

"उलटी नाही हो. तुम्ही... तुम्ही मघाशी माइकवर काय म्हणालात?"

त्यानं आठवून पाहिलं. "हेच की, हत्ता यायच्या आधी वीसेक मिनिटं रस्ता ओमानमधून जातो आणि परत अमिरातीत येतो. चेकपोस्ट नाही, काही नाही. मोबाइलवर ओमानचं नेटवर्क दिसलं तर घाबरू नका."

"मी घाबरले," मी म्हणाले. "मी व्हिजिट व्हिसावर आहे. ओमानमध्ये पाय पडला की माझं एक्झिट झालं!"

हसू नका. व्हिजिट व्हिसावर तिकडे राहिलेल्या माणसालाच कळेल, एक्झिट हा शब्द घराघरांत किती हळू आवाजात बोलला जायचा ते. मी ताईकडे आले आणि रोल्लातल्या एका ट्रेडिंगच्या ऑफिसात मला अकाउंट्सची नोकरी मिळाली. मालकानं नोकरीच्या व्हिसाचे कागद टाकले होते. तो व्हिसा हातात आला की विमानानं इराणच्या किश बेटावर जायचं आणि नव्या व्हिसावर परत यायचं, अशी तेव्हाची रीत. पण व्हिसा येण्याआधी देशाबाहेर गेलात तर खलास! आमच्या खालच्या मजल्यावरची सोनम अशीच आज-उद्या व्हिसा येईल म्हणून घाई करून किशला गेली. तिथे वाट बघत बसली, बसली, आणि तिथूनच परस्पर इंडियाला गेली. तिचे कपडे मागाहून तिच्या वहिनीनं खोक्यात भरून पाठवले. ते खोकं बांधायला मी दोरी धरली होती.

आणि माझं चिपळूण! तिथे सगळ्यांची खात्री होती की मी पंधरा दिवसांत परत येणार. "जी लिफ्टमध्ये एकटी जात नाही, ती काय परदेशात नोकरी करणार?" हे आमच्या आबांचंच वाक्य. त्यात खोटं काही नव्हतं. मी पालीला भिते, जत्रेतल्या पाळण्याला भिते, टेलिफोनची घंटा अवेळी वाजली तरी भिते. पण ही एक नोकरी मी भीत भीत का होईना, स्वतः मिळवली होती. ती अशी सहलीच्या नादात घालवायची? तीही ताईला दिवस गेलेत आणि बसचा वास सोसत नाही म्हणून तिच्या जागेवर फुकट आलेल्या सहलीत?

"शिक्का बसल्याशिवाय एक्झिट होत नाही," रणजित म्हणाला. तो हसला नव्हता, हे मला आवडलं. "आणि तिथे शिक्का मारायला माणूसच नाही. रोज कितीतरी टुरिस्ट या रस्त्यानं जातात, सगळे व्हिजिटवर."

"आणि मोबाइल? हा भाऊजींचा आहे. त्याला कळतं ना आपण ओमानात आलो ते? मग इमिग्रेशनच्या कम्प्युटरला कळणार नाही?"

यावर त्यानं खरोखर विचार केला. मग हात पुढे करून म्हणाला, "द्या. बंद करून ठेवू."

खिडकीतून आमच्या शेजारच्या मनोरमाकाकू ओरडल्या, "अगं सुलक्षणा, चढ की! लाडवांचा डबा मांडीवर आहे, मला उठता येत नाही!"

"असं करू," रणजित हळूच म्हणाला, "मीही इथेच थांबतो तुमच्यासोबत. बस जाऊ दे."

"गाईडशिवाय?"

"मुनीरभाई ड्रायव्हर आहेत. त्यांना रस्ता पाठ आहे."

"आणि... गेले आणि मला खरंच परत पाठवलं तर?"

"तर मी येतो सोडायला. कुठे पाठवतील?"

"चिपळूणला."

"मग तर बरंच! तिथून देवरुख जवळ. आईला भेटून वर्ष झालं."

मला राग यायला हवा होता. पण इतकी भ्यालेली असतानाही मला हसू फुटलं, आणि हसतानाच मी पायरी चढले.

पुढच्या सीटवर काकूंशेजारी बसून मी काचेला नाक लावलं. ती पाटी आली. ओमानचा झेंडा, अरबी अक्षरं... मी काकूंचा दंड असा धरला की त्या कळवळल्या. नंतर सबंध रस्ता मी दुसरी पाटी शोधत होते, अमिरातीची, आणि ती दिसली तेव्हा मी बसमध्ये मोठ्यांदा "आली!" म्हटलं. समोरच्या आरशात रणजितच्या भुवया आणखी वर गेलेल्या मला दिसल्या.

हत्ता म्हणजे डोंगरांच्या कुशीतलं जुनं गाव. मातीदगडाचा किल्ला, खजुराची बाग, दगडी पाटातून खळखळत जाणारं पाणी. बाकीचे फोटो काढत होते. मी मनात येतानाच्या पाटीची आणि जातानाच्या पाटीची उजळणी करत होते. टेकडीवरच्या गोल बुरुजाशी पोचलो तर त्याला खाली दारच नव्हतं. दार होतं ते पार वर, दोन माणसांच्या उंचीवर.

"आत जायचं कसं?" मी विचारलं.

"पहारेकरी दोरानं चढायचा. आणि वर गेला की दोर ओढून घ्यायचा."

"एकटा राहायचा? रात्रभर?"

"एकटा. भित्रा असला तर फारच चांगलं," रणजित म्हणाला. "धीट माणूस पहाऱ्यावर झोपतो हो. भित्र्याला पान हललेलं कळतं. मला निवडायला सांगितलं असतं तर तुम्हालाच चढवलं असतं वर."

"आणि दोर?"

"दोर मी धरला असता."

तो हे बुरुजाकडे बघत म्हणाला, माझ्याकडे नाही. माझे कान गरम झाले... आणि तेवढ्यात पहिला थेंब माझ्या हातावर पडला, टपोरा आणि थंड.

पाऊस आला तो सांगूनसवरून नाही. आम्ही पळत बसमध्ये शिरलो तोवर डोंगरांवरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरू लागल्या होत्या. परतीच्या वाटेवर पुन्हा ती ओमानची पाटी मागे गेली. मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होते. मग बस हळू झाली, आणखी हळू, आणि थांबली.

समोर रस्ता नव्हता. सकाळी जिथे कोरडा, गोट्यांनी भरलेला ओढा होता, इथल्या भाषेत वाडी, तिथे आता तांबडं पाणी एका बाजूनं दुसऱ्या बाजूला धावत होतं. त्यात दगड एकमेकांवर आपटत होते. तो आवाज बसच्या पत्र्यातून पायाला जाणवत होता. एक अख्खं झुडूप मुळांसकट आमच्या समोरून गेलं.

"आगे नहीं जाएगा," मुनीरभाई म्हणाले. "पीछे का वाडी भी भर गया होगा. पानी उतरेगा, तब जाएगा."

"मम्मा, आर वी स्टक?" मागच्या सीटवरून कुणाचा तरी मुलगा म्हणाला.

दिवस मावळायला आलेला. पुढे पाणी, मागे पाणी, आणि आम्ही बरोब्बर ओमानात! मला पाण्याची भीती वाटत होतीच. पण खरं सांगते, त्याहून मोठी भीती मागून आली. तिच्या टपावर निळा दिवा फिरत होता.

पोलिसांची जीप.

एक धिप्पाड पोलीस टॉर्च घेऊन वर चढला. मी सीटवरून घसरून खाली बसले आणि काकूंची शाल डोक्यावरून ओढून घेतली. पासपोर्ट ताईच्या कपाटात, माझ्याकडे व्हिसाची फक्त झेरॉक्स. आता विचारणार... आता घेऊन जाणार... माझे कपडेही खोक्यातून येणार.

टॉर्चचा उजेड शालीवर येऊन थांबला.

"ये कौन है? बीमार है?"

"नहीं सर," रणजितचा आवाज. "डरती है."

"किससे? पानी से?"

मी शालीतून एक डोळा बाहेर काढला. रणजित माझ्याकडेच बघत होता. "हाँ सर... पानी से."

पोलीस एकदम चिडला. पण माझ्यावर नाही! "तुम्हारा औरत इधर नीचे बैठ के डरता है, और तुम उधर खड़ा क्या करता है? कैसा आदमी है? चलो, बैठो उसके पास! हाथ पकड़ो!"

"सर, ये मेरी..."

मी जिवाच्या आकांतानं मान हलवली. नको! औरत नाही म्हटलं तर मग कोण, कुठली, व्हिसा कसला, सगळंच निघेल. रणजितनं वाक्य तिथेच सोडलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि डबा घेऊन मागच्या सीटवर गेल्या. जाता जाता त्यांनी पोलिसाच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला.

"सिमसिम! तिल!" तो लाडू चावत खूश होऊन म्हणाला. मग दारातून वळून रणजितला बोट दाखवलं. "पानी उतरेगा, इन्शाल्ला. जब तक ओमान में है, हाथ नहीं छोड़ना. मैं बाहर खड़ा है. देखेगा!"

मी उठून सीटवर बसले. रणजित शेजारी बसला आणि त्यानं माझा हात धरला, अगदी हळू, तापलेलं भांडं उचलावं तसा. काचेबाहेर पोलीस खरंच उभा होता. आम्ही दोघं शाळेतल्या मुलांसारखे ताठ.

बऱ्याच वेळानं मला जाणवलं की थरथरतोय तो एकटा माझा हात नाही.

"तुम्ही... घाबरलात?"

तो पाण्याकडे बघत होता. "मी हत्तातूनच बस काढायला नको होती. ढग दिसत होते मला. बसमध्ये लहान मुलं आहेत." त्यानं मागे वळून मुलांकडे पाहिलं. "सकाळपासून सगळ्यांना सांगतोय, घाबरू नका, घाबरू नका... मला सांगायला कुणी नाही."

त्या क्षणी मला त्याची इतकी माया आली की स्वतःची भीती पळभर कुठे ठेवली तेच आठवेना.

"मग घाबरा की," मी म्हणाले. "मी रोज घाबरते, काही होत नाही. फक्त... हात सोडू नका."

"पोलिसांचा हुकूम आहे. कसा सोडीन?"

"हुकूम नसता तर?"

बाहेर दगडांचा आवाज चालूच होता. तो माझ्याकडे वळला. भुवया आता खाली होत्या.

"सकाळी मी उगीच नव्हतो म्हणालो," तो म्हणाला. "तू चढली नसतीस ना, तर मी खरंच थांबलो असतो."

तो 'तू' म्हणाला, आणि मी तो चुकला असं दाखवलंही नाही.

पाणी उतरत गेलं. अंधार पडता पडता तो धिप्पाड पोलीस स्वतः पाण्यात उतरला, गुडघाभर, आणि टॉर्च हलवून मुनीरभाईंना बोलावू लागला. बस पाण्यात शिरली. पायऱ्यांपर्यंत पाणी आलं, चाकाखालचा एक दगड सरकला, बस तिरकी झाली, मागे कुणीतरी किंचाळलं. मी नाही. मी डोळेही मिटले नाहीत. त्याचा हात मात्र असा आवळला की माझ्या बांगडीचा वळ त्याच्या मनगटावर उमटला. मग चाकं वर चढली, कोरड्या रस्त्याला लागली, आणि सगळी बस एकदम बोलू लागली.

"किशला जावं लागेल ना तुला?" त्यानं विचारलं.

"व्हिसा आला की."

"भीती वाटते?"

"फार. एकटीनं विमान, ते बेट... आणि काही अडलं, परत येताच आलं नाही तर?"

"मी विमानतळावर उभा राहीन. तू उतरेपर्यंत."

"आणि उशीर झाला तर?"

"दोर धरायचं कबूल केलंय मी," तो म्हणाला.

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. बोलले असते तर रडू आलं असतं.

तेवढ्यात बसच्या दिव्यांत ती आली. अमिरातीची पाटी. दिवसभर मी जिच्यासाठी काचेला नाक लावून बसले होते ती, चांगली भिंतीएवढी, उजेडात लखलखणारी. अगदी माझ्याच खिडकीवरून गेली.

रणजितनं घसा खाकरला. बोटं जराशी सैल केली.

"ओमान संपलं," तो म्हणाला. "पोलीस मागे राहिला. आता हात... सोडला तरी चालेल."

"कशावरून संपलं?"

"पाटी गेली ना आत्ता."

मी समोर रस्त्याकडे बघत राहिले.

"मला नाही दिसली," मी म्हणाले.

"अगं, आत्ता गेली की, केवढी मोठी!" मागून काकू म्हणाल्या. "सकाळी तर ओरडली होतीस!"

रणजितची सैल झालेली बोटं पुन्हा मिटली. रोल्ला येईपर्यंत आम्ही ओमानातच होतो.