जुडीतला काळा केस

केशवाचक यंत्राच्या पडद्यावर आलेख उमटला आणि डॉ. शाल्मली दातार खुर्चीतून उठल्याच. "मुजावर, आपल्या कळपात काळी अल्पाका आहे का हो?"

"एकही नाही. काय झालं?" पशुवैद्य डॉ. मुजावर चहाचा कप घेऊन तसेच आले.

पठारावरच्या या पैदास केंद्रात कोणती मादी ठेवायची, कोणती काढायची, ते हे दोघं ठरवत. आज ढवळीची पाळी होती. एके काळी हिच्या लोकरीसारखी मऊ लोकर कळपात नव्हती. आता ती जाड झालेली, वर गाभणही राहत नव्हती. संध्याकाळी गाडी येऊन तिला कायमची नेणार होती. तिला सांभाळणाऱ्या हौसाबाई सकाळपासून प्रयोगशाळेच्या दाराशी बसून होत्या. हलायचं नाव नाही!

"ढवळीच्या लोकरीच्या पांढऱ्या जुडीतून हा काळा केस निघाला," शाल्मली म्हणाल्या. "यंत्राला काय, केस तो केस. तो रोज वाढतो आणि त्या त्या दिवसाचं खाणं, ताण सगळं त्यात राहून जातं. हा बघा, दहा महिन्यांपूर्वी एकदम बारीक झालाय. उपासमार! आणि ताण तर विचारूच नका."

"आणि ढवळीची लोकर?"

"नेमकी त्याच आठवड्यापासून जाड होत गेली. त्याआधी उत्तम होती, म्हणजे दोष वाणात नाही. कुणीतरी तिला जादा खायला घालतंय. अंगावर चरबी चढली की गर्भ तरी कसा राहणार?"

"अहो, चारा मी स्वतः मोजून देतो!" मुजावर तडकले.

"त्यो केस माझा हाय, बाई," दारातून आवाज आला. हौसाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. "आमच्यात कातरणीची पहिली जुडी बाईनं आपल्या केसानं बांधायची असती. सुतानं न्हाई."

शाल्मलींनी पडद्यावरच्या बारीक झालेल्या जागेवर बोट ठेवलं. "आणि ही उपासमार?"

"दहा महिन्यांमागं मालक गेले. घास उतरंना. चुलीची सवय सुटंना, म्हून दोन्ही टायमाला भाकरी थापायची आन् समद्या हिला चारायची. ही आपली मान लांब करून म्होरं बसायची. दुसरं कोण होतं मला?" बोलता बोलता त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं बया! म्हंजी माझ्यापायीच हिच्यावर ही पाळी आली व्हय!"

मुजावरांनी फोन काढून गाडी नको म्हणून सांगितलं. "मावशी, भाकरी तेवढी बंद करा. अंग उतरलं की पुढच्या सालात पिल्लू होईल."

शाल्मलींनी केसाच्या मुळाकडचा भाग दाखवला. "हे गेले पाच महिने. केस भरत आलाय, ताणही उतरलाय. जेवायला लागलात ना?"

"तिच्यासंगं बसून. एक घास तिला, एक मला."

हौसाबाई गोठ्यात गेल्या आणि ढवळीच्या गळ्यात पडल्या. "लई उपकार केलंस गं माझ्यावर. मला जगवलंस." मग त्यांनी फडक्यातली भाकरी सोडली. ढवळीनं सवयीनं मान पुढं केली.

"आता न्हाई, बाई," असं म्हणून त्यांनी पाठ फिरवली आणि डोळे पुसत अख्खी भाकरी एकटीनं खाल्ली.